मोरीच्या तोंडापासून सुरुवात : कोकणातल्या घरासाठी घरगुती स्वच्छता-साधने

बाजारातील रासायनिक द्रावणे आणि पावडरी सोडून घरच्या साधनांनी साफसफाई करायची ठरवल्यावर बहुतेक जण प्रथम स्वयंपाकघरातील फडताळ उघडतात. माझा सल्ला थोडा वेगळा आहे. आधी मागील दारी जावे आणि मोरीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे दोन मिनिटे उभे राहून ते पुढे कुठे जाते हे पाहावे. कोकणातील बहुसंख्य घरांमध्ये हे पाणी अळूच्या वाफ्यात, केळीच्या बुंध्याशी किंवा माडाच्या आळ्यात सोडलेले असते. भांड्यांच्या साबणाचा फेस ज्या अळूच्या मुळाशी जिरतो, त्याच अळूचे फदफदे आपल्या पानात येते.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्या पायाखालचा जांभा सच्छिद्र आणि भेगाळलेला आहे, आणि त्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. वर ओतलेले पाणी या दगडातून झिरपत विहिरीकडे जायला फार वेळ लागत नाही. शौचखड्डा आणि विहीर यांच्यात किमान 15 मीटर अंतर असावे असा सर्वसाधारण नियम आहे, पण भेगाळ जांभ्यात तेवढे अंतरही पुरेसे ठरेल याची खात्री देता येत नाही. म्हणून कोणती बाटली आधी सोडायची हे तिच्या किमतीवरून किंवा जाहिरातीवरून न ठरवता तिचे पाणी कुठे जाते यावरून ठरवावे. ज्या साधनाचे पाणी थेट झाडांना आणि विहिरीच्या दिशेने जाते ते पहिले, सेप्टिक टँकमध्ये जाते ते दुसरे, आणि कपाटाच्या आतच राहते ते शेवटी.

पहिली पायरी : घरात काय आहे ते लिहून काढणे

एका कागदावर घरातील सर्व साधनांची नावे लिहावीत: भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फिनाईल, शौचालयाचे ॲसिड, काचेचा फवारा, कपाटातील डांबरगोळ्या. प्रत्येकापुढे त्याचे पाणी कुठे जाते ते लिहिले की पुढचा क्रम आपोआप ठरतो. अर्धवट भरलेल्या बाटल्या उत्साहाच्या भरात पऱ्यात, म्हणजे ओहोळात, किंवा परसात ओतून देऊ नयेत, कारण त्यामुळे जे टाळायचे तेच एका दिवसात घडते. त्या नेहमीप्रमाणे वापरून संपवाव्यात आणि नवी आणू नये.

मात्र संपवण्याच्या घाईत दोन बाटल्या कधीही एकत्र करू नयेत. शौचालयाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकमेकांत मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो, आणि खिडकी नसलेल्या लहानशा न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर किंवा लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) हीसुद्धा आम्लेच आहेत, त्यामुळे ब्लीचिंगच्या बाबतीत हा नियम घरगुती साधनांनाही तितकाच लागू होतो.

दुसरी पायरी : आंबट, खार आणि फेस

घरगुती साफसफाईच्या कृती शेकड्यांनी सांगितल्या जातात आणि नवखा माणूस त्यातच गोंधळतो. प्रत्यक्षात त्या सगळ्या तीन घराण्यांत बसतात. आंबट म्हणजे आम्ल: आमसूल, चिंच, लिंबू, बिंबल, व्हिनेगर, लिंबूसत्व. धातूवरचा काळपट थर, गंजाचा तांबडा डाग, क्षारांचे पांढरे पुट आणि मासळीचा वास ही आंबटाची कामे आहेत. खार म्हणजे अल्क: चुलीची राख, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, चुना. तेल आणि चरबी सुटी करणे हे खाराचे काम. फेस म्हणजे साबणाचा गुण असलेली वस्तू, आणि आपल्याकडे ती मुख्यतः रिठा व शिकेकाई. यांच्यातील सॅपोनिन नावाचे द्रव्य तेलाचे कण पाण्यात तरंगते ठेवते आणि पाण्याबरोबर वाहून नेते.

एवढे समजले की एका लोकप्रिय कृतीतील फोलपणाही लक्षात येतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की जो फसफसाट होतो, तो पाहून काहीतरी जोरदार घडते आहे असे वाटते. वास्तविक आम्ल आणि अल्क एकमेकांना निकामी करत असतात आणि मागे उरते ते थोडेसे क्षारयुक्त पाणी. बुडबुड्यांमुळे अडकलेला एखादा कण हलला तर हलला. दोन्ही वापरायचेच असतील तर आधी सोडा, मग पाणी, आणि त्यानंतर व्हिनेगर असे वेगवेगळे वापरावे.

तिसरी पायरी : रिठ्याचे पाणी

हे एक द्रावण करता आले की निम्मे काम झाले. साधारण 20 ते 25 रिठे फोडून बिया काढून टाकाव्यात, कारण फेस टरफलात असतो, बीमध्ये नसतो. टरफले 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवावीत, सकाळी मंद आचेवर 20 मिनिटे उकळावीत, निवल्यावर हाताने कुस्करून फडक्यातून गाळावीत. पातेले निम्मेच भरलेले असावे, कारण उतू गेलेला रिठा शेगडीवरून पुसून काढणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. उरलेला चोथा फेकू नये. तो आणखी एकदा उकळून लादी पुसण्यापुरते पातळ पाणी मिळते.

कोकणच्या दमट हवेत हे पाणी दोन दिवसांत आंबते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. म्हणून मोठी बरणी भरून ठेवण्याचा मोह टाळावा आणि लागेल तेवढेच करावे. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवणे ही मला सर्वांत सोयीची युक्ती वाटते.

तीन सावधगिऱ्या. डोळ्यात रिठा गेल्यास विलक्षण झोंबतो, तेव्हा मुलांच्या हाती फवाऱ्याची बाटली देऊ नये. सॅपोनिन माशांना विषारी असते, त्यामुळे हे पाणी ओहोळात, तळ्यात किंवा मासे सोडलेल्या विहिरीजवळ ओतू नये. जमिनीत, झाडांच्या आळ्यात जिरू द्यावे. आणि बाजारातील साबणाइतका फेस मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. फेस जास्त म्हणजे भांडे अधिक स्वच्छ, हा समज मोडायला साधारण महिनाभर लागतो.

चौथी पायरी : भांडी, आणि मुख्यतः मासळीची भांडी

नारळाच्या वाटपाचे आणि तेलाचे भांडे नुसत्या रिठ्याने निघत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. येथे खाराची मदत लागते. चुलीची किंवा बंबाची राख चाळून डब्यात भरून ठेवावी. सोडणे, म्हणजे नारळाची वरची तंतुमय साले, जाळून झालेली राख सर्वांत उत्तम, कारण तिच्यात पोटॅशचे प्रमाण भरपूर असते. प्लास्टिक, रंगवलेले लाकूड किंवा छापील कागद जाळलेल्या चुलीची राख मात्र भांड्यांना लावू नये. भांडे आधी खरकटे काढून कोरडेच राखेने व सोडणाच्या किशीने घासावे, गरम पाण्याने विसळावे आणि मग रिठ्याचे पाणी लावून धुवावे. ज्यांच्या घरी चूल राहिलेली नाही त्यांनी राखेऐवजी एक चमचा धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून वापरावा. मात्र हे सोड्याचे पाणी रोज अळूच्या वाफ्यात जाऊ देऊ नये. त्यातील सोडियम जमिनीत साठत जाते आणि माती घट्ट होऊ लागते. घरगुती म्हटले की सर्वच निरुपद्रवी, असे नाही.

राख आणि सोडा दोन ठिकाणी वर्ज्य आहेत. ॲल्युमिनियमची भांडी अल्काने काळी पडतात आणि झिजतात. ती उजळायची असतील तर त्यात चिंचेचे किंवा आमसुलाचे पाणी उकळावे. आणि कल्हई केलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला राख कधीच लावू नये, कारण खरखरीत घासण्याने कल्हई उडते.

मासळीसाठी क्रम पूर्णपणे वेगळा आहे. बांगडे किंवा तारल्या कापल्यावर विळी, ताट आणि मोरी सर्वप्रथम गार पाण्याने धुवावी. गरम पाणी ओतले की रक्त आणि चिकटा यांतील प्रथिने शिजून धातूला व लादीला धरून बसतात, आणि वासही त्यांच्यासोबत तिथेच राहतो. त्यानंतर आंबट. मासळीचा तो विशिष्ट वास ज्या अमाइन द्रव्यांमुळे येतो ती स्वतः अल्कधर्मी असतात. आम्लाशी संयोग पावली की ती हवेत उडत नाहीत आणि पाण्याबरोबर निघून जातात. मासे कापून झाल्यावर हाताला आमसूल किंवा लिंबाची फोड चोळण्याची आपल्या आज्यांची पद्धत रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक होती. पाच-सहा जुनी आमसुले कपभर कोमट पाण्यात तासभर भिजवून ते पाणी विळीला, पाटाला आणि हातांना लावावे, पाच मिनिटांनी धुवावे आणि शेवटी रिठा. हा क्रम उलटा केला तर वास जात नाही.

फणसाचा चीक यातल्या कशालाच दाद देत नाही. त्याला खोबरेल तेलच लागते, आणि तेही शक्यतो फणस फोडण्याच्या आधी हाताला व विळीला लावून ठेवलेले.

पाचवी पायरी : तांबे, पितळ आणि देवाची उपकरणी

हे काम नवख्याला सर्वांत जास्त समाधान देणारे असल्यामुळे धीर खचत असेल तर त्याने येथूनच सुरुवात करायलाही हरकत नाही. चिंचेचा कोळ किंवा भिजवलेले आमसूल चिमूटभर मिठासह चोळले की तांब्याचा काळपटपणा दोन मिनिटांत उतरतो. ज्यांच्या परसात बिलिंबीचे, म्हणजे बिंबलाचे झाड आहे त्यांनी पिकून खाली पडलेली बिंबले वाया घालवू नयेत. त्यांत ऑक्झॅलिक आम्ल असते, आणि पितळेप्रमाणेच लोखंडाच्या गंजाचे तांबडे डागही ते काढते. खारे वारे लागून गंजलेल्या खिडकीच्या गजांखाली लादीवर जे ओघळ उमटतात त्यांच्यावर मी बिंबलाचा रसच वापरतो, अर्थात लादी सिरॅमिकची असेल तर. हा रस सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. ऑक्झॅलिक आम्ल अधिक प्रमाणात पोटात गेल्यास मूत्रपिंडांना अपाय होतो.

आंबट लावून भांडे तसेच विसरू नये. जास्त वेळ राहिलेल्या आम्लामुळे पितळेतील जस्त विरघळते आणि भांड्यावर गुलाबी छटा येते. घासावे, लगेच धुवावे, कोरड्या फडक्याने पुसावे.

सहावी पायरी : ओटा आणि जमीन

येथे माझी स्वतःची चूक सांगणे उपयोगी ठरेल. घरगुती साधनांचा नवा उत्साह असताना मी स्वयंपाकाच्या काळ्याभोर कडप्प्याच्या ओट्यावर अर्धे लिंबू चोळले आणि थोड्या वेळाने पुसले. जिथे लिंबू फिरले होते तिथे फिकट, खरखरीत वळसे उमटले आणि ते आजही आहेत. कडप्पा, शहाबादी फरशी आणि संगमरवर या तिन्हींत चुनखडीचाच अंश मुख्य असतो आणि कोणतेही आम्ल तो विरघळवते. यांच्यावर लिंबू, व्हिनेगर, आमसूल वा लिंबूसत्व यांपैकी काहीही वापरू नये. रिठ्याचे पातळ पाणी आणि ओले फडके पुरते. ग्रॅनाइट व सिरॅमिक लाद्या आम्ल सोसतात. मात्र लाद्यांमधील सिमेंटच्या फटी सोसत नाहीत, आणि आमसुलाचा लाल रंग तर त्यांच्यात कायमचा बसतो. हा रंग खाराच्या संपर्कात निळसर-हिरवट होतो, त्यामुळे पांढऱ्या कपड्यावर पडलेल्या कोकमाच्या डागाला सोडा लावणाऱ्याला नवेच कोडे पडते.

लादी पुसण्यासाठी बादलीभर पाण्यात रिठ्याच्या दुसऱ्या उकळीचे कपभर पाणी आणि गवती चहाचा काढा घालावा. वास प्रसन्न येतो आणि माश्या थोड्या कमी होतात. फिनाईलसारखी जंतुनाशक शक्ती त्यात नाही, आणि रोजच्या धुळीसाठी ती लागतही नाही.

याच कामासाठी फळांच्या सालींचे आंबवण, म्हणजे ज्याला हल्ली बायो-एन्झाइम म्हणतात ते, पुष्कळांना आवडते. प्रमाण 1 भाग गूळ, 3 भाग साली आणि 10 भाग पाणी असे असते: 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम लिंबाच्या किंवा अननसाच्या साली, 1 लिटर पाणी. 2 लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत हे भरून पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा आणि एकूण 3 महिन्यांनी गाळावे. काचेची बाटली वापरू नये, ती फुटते. मार्च-एप्रिलमध्ये काजूची बोंडे ढिगाने वाया जातात आणि तीही चालतात, मात्र त्यांच्या आंबवणाचा वास वाडीत पसरला की शेजारी भलतीच शंका घेतात. माझे मत विचाराल तर तयार होणारे द्रव्य हे प्रामुख्याने सौम्य, सुवासिक व्हिनेगर असते. साली वाया जात नाहीत हा त्याचा खरा लाभ. ज्यांना तीन महिने थांबण्याचा धीर नाही त्यांचे त्यावाचून काही अडत नाही.

सातवी पायरी : शौचालय

बाजारातील ॲसिड आणि ब्लीच सेप्टिक टँकमधील उपयुक्त जिवाणूंना मारतात, आणि मग टाकी लवकर भरते व वास येऊ लागतो. जांभ्याच्या विहिरीच्या पाण्यात लोहाचे प्रमाण असल्यास भांड्यात पिवळट-तांबडे पट्टे येतात. त्यांच्यावर रात्री झोपताना 2 ते 3 मोठे चमचे लिंबूसत्व पसरून ठेवावे आणि सकाळी ब्रशने घासावे. जुने पट्टे एका रात्रीत जात नाहीत. आठवड्यातून एकदा असे महिनाभर करावे लागते.

आठवी पायरी : कपडे

रोजचे सुती कपडे रिठ्याने चांगले निघतात. एका बादलीला वाटीभर दाट रिठापाणी घालून कपडे अर्धा तास भिजवावेत. पांढरे कपडे मात्र पूर्वीइतके लख्ख दिसणार नाहीत, कारण धुण्याच्या पावडरीत निळसर चमक देणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती मळ काढत नसून केवळ डोळ्यांना शुभ्रतेचा भास देतात. हे ज्यांना चालत नाही त्यांनी पांढऱ्या कपड्यांपुरता साधा वडीचा साबण आणि नीळ ठेवावी. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

नववी पायरी : पावसाळा आणि बुरशी

कोकणात साफसफाईची खरी परीक्षा आषाढात होते. लाकडी कपाटाच्या पाठीवर आणि चामड्याच्या चपलांवर पांढरी लव येते. ती कोरड्या फडक्याने झटकू नये, कारण बीजाणू घरभर उडतात. व्हिनेगरमध्ये पाणी न घालता फडके भिजवून पुसावे, अर्धा तास उघडे ठेवावे आणि कोरडे करावे. चुन्याने रंगवलेल्या भिंतीला व्हिनेगर लावू नये. चुना स्वतःच तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्याच्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही, म्हणून जुन्या घरांच्या मागील पडवीला दरवर्षी चुन्याचा हात देत असत. हे काम पुन्हा सुरू करायचे असेल तर डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. श्रावणात उघडीप मिळाली की कपाटे दोन तास सताड उघडी ठेवावीत, याला कोणत्याही बाटलीत पर्याय मिळत नाही.

कपाटातील डांबरगोळ्यांच्या जागी वेखंडाचे तुकडे आणि सावलीत वाळवलेला निगडीचा (निर्गुंडीचा) पाला फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवावा. कापूर ठेवायचा असेल तर मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा, कारण तो लहान मुलाच्या पोटात गेल्यास आकडी येते.

काय सोडू नये

रिठा, आमसूल आणि राख मळ काढतात. रोगजंतू मारण्यासाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही. घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील, किंवा पावसाचे तुंबलेले पाणी घरात शिरले असेल, तर ब्लीचिंगचेच द्रावण वापरावे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि कोकणात त्याचे रुग्ण पावसाळ्यात आढळतात, म्हणून असे पाणी उपसताना गमबूट आणि हातमोजेही घालावेत. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर, तर सोडायच्या वस्तूंच्या यादीत कधीच येऊ नये. ग्रामपंचायत सांगेल त्या प्रमाणात ती टाकावी आणि पाणी उकळून प्यावे.

आगोटीच्या वेळी

मिरच्या, मीठ आणि सुकी मासळी भरून ठेवताना साफसफाईचीही बेगमी मृगाआधीच करावी, कारण पावसात रिठे वाळत नाहीत आणि राख ओली झाली की ती निरुपयोगी होते. चार माणसांच्या घराला चार महिन्यांसाठी 2 किलो रिठे, अर्धा किलो लिंबूसत्व, 2 बाटल्या व्हिनेगर आणि चाळलेल्या राखेचा एक मोठा घट्ट झाकणाचा डबा पुरतो. रिठे कडक उन्हात दोन दिवस घालून, बिया काढून, कोरड्या बरणीत भरावेत. मे महिन्यात नवी आमसुले तयार झाली की गेल्या वर्षीची उरलेली वेगळ्या डब्यात काढून त्यावर ठळक अक्षरांत ‘घासण्यासाठी’ असे लिहावे. नाहीतर घाईच्या वेळी तीच सोलकढीत जातात आणि नवी आमसुले पितळेच्या समईला.